चिमटीने काढलेली धार

गाईच्या सडावर कुणाचा हात पडून गेलाय, हे मला नुसतं बघून कळतं. ही बढाई नाही, सहा वर्षांची नोकरी आहे. सातारा जिल्ह्यातल्या गुरांच्या सरकारी दवाखान्यात मी माणसांच्या तोंडांपेक्षा गाईम्हशींच्या कासा जास्त पाहिल्या. पूर्ण मुठीत धरून काढलेली धार सडाला त्रास देत नाही. अंगठा मुडपून काढली की एका बाजूला वळ उठतो. आणि चिमटीत धरून खाली ओढली, तर सडाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना लालसर डाग पडतात. त्या सोमवारी तपकिरी गाईच्या पुढच्या दोन्ही सडांवर मला असे डाग दिसले, आणि आमच्या गोठ्यात चिमटीने धार काढणारं कुणीच नव्हतं.

आमचा गोठा सिंगापूरमध्ये होता. हे ऐकून पुण्यातले नातेवाईक हसायचे आणि पुंगोलला राहणाऱ्या माझ्या मराठी मैत्रिणी नाक मुरडायच्या. इतकं शिकून परदेशात येऊन शेणात हात घालायचे म्हणजे काय, असं एकीने मला हळदीकुंकवाला तोंडावर विचारलं होतं. मी तिला म्हटलं, तुझ्या बँकेपेक्षा बरा वास येतो. ती माझ्याशी दोन महिने बोलली नाही, पण पूजेला ताजं दूध लागलं की निरोप मात्र माझ्याकडेच यायचा.

दोन हजार तेरा-चौदाचा सुमार असेल. नवरा जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत इंजिनिअर होता. पहाटे पावणेसहाला कंपनीची बस, गळ्यात पास, गेटवर तपासणी. मी त्याच्या नोकरीच्या पासावर, म्हणजे तिथल्या व्हिसावर, अवलंबून राहणारी बायको. माझी पशुवैद्यकाची पदवी तिथे चालत नव्हती, पण एका डेअरी फार्मवर मदतनीस म्हणून काम करायचं परवानगीचं पत्र मला मिळालं होतं. ते पत्र नवऱ्याच्या पासावर, पास त्याच्या नोकरीवर, आणि नोकरी कुणाच्या मर्जीवर ते आम्हाला कधीच नीट कळलं नाही. पास गेला की पत्र गेलं, पत्र गेलं की गाई गेल्या, एवढं मात्र मला झोपेतही पाठ होतं.

फार्म लिम चू कांगच्या टोकाला होता. मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवलं की मी चोआ चू कांगहून बस पकडायचे आणि शेवटच्या थांब्यावरून पंधरा मिनिटं चालायचे. वाटेत दफनभूमी, मग भाजीचे मळे, मग आमची गल्ली. गल्लीत तीनच कुटुंबं. पहिली आमची डेअरी. तिचे मालक तमिळ, साठीचे, त्यांना सगळे अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. शेजारी शेळ्यांचा फार्म. तो चालवणारी चिनी बाई माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, तिला मी आंटी म्हणायचे. तिची नव्वदीची आई, जिला सगळी गल्ली आ-मा म्हणायची, दिवसभर चाकाच्या खुर्चीत बसून असायची. शेवटी शोभेचे मासे पाळणारं एक जोडपं, भिडस्त, क्वचित दिसणारं. त्यांच्या टाक्यांमागे खारफुटी, खारफुटीमागे कुंपण आणि कुंपणामागे समुद्राची एक अरुंद पट्टी. पट्टीपलीकडे मलेशिया. हवा स्वच्छ असली की पलीकडच्या घरांच्या खिडक्या दिसायच्या.

माझा स्वभाव संशयी आहे. आई म्हणायची की ही दुधात आधी माशी शोधते आणि मग दूध पिते. दवाखान्यात याचा फायदा झाला, कारण गाय बोलत नाही आणि मालक खरं बोलत नाही. पण त्या वर्षी त्या गल्लीत जे झालं, त्यात माझ्या या स्वभावाने काय केलं ते मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

सुरुवात एका बोचक्याने झाली. मासेवाल्या जोडप्याला खारफुटीत ओले कपडे, एक जोडी बूट आणि दोरीने एकत्र बांधलेले दोन प्लास्टिकचे कॅन सापडले. कुणीतरी कॅन छातीशी धरून पोहत पलीकडून आलं होतं आणि इकडे कोरडे कपडे घालून चालतं झालं होतं. पोलिस आले. दोन दिवस गल्लीत गाड्या, कुत्रे आणि बूट. एकेका कामगाराचा पास बघितला, माझं पत्रसुद्धा. मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून कायम पर्समध्ये ठेवायचे. जाताना एका अधिकाऱ्याने प्रत्येकाच्या हातात कार्ड दिलं आणि सांगितलं, अनोळखी माणूस दिसला तर लगेच फोन करा. फार्म सरकारी जमिनीवर आहेत, मुदत संपत आलेली आहे, किनाऱ्यालगत काही गैर घडलं तर पुढची मुदत देताना त्याचा विचार होईल, हेही तो हसऱ्या चेहऱ्याने सांगून गेला.

पोलिस गेल्यावर तिन्ही घरं आमच्या गोठ्याच्या पडवीत जमली. अण्णा आणि आंटी एकमेकांशी मलायमध्ये बोलायचे, लहानपणापासूनची सवय. मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. शेवटी आंटी माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "आपल्या गल्लीतल्या कुणाबद्दल काहीही दिसलं, काहीही वाटलं, तर आधी एकमेकांना सांगायचं. मग पोलिसांना. कॅन?"

"कॅन," म्हणजे चालेल, मासेवाले म्हणाले. अक्का म्हणाली. मीही म्हटलं. आंटीने पांदानच्या पानांचा हिरवा केक कापून आणला होता, त्याचे दोन तुकडेही खाल्ले. पण घरी जाताना बसमध्ये माझ्या मनात पाल चुकचुकली. सरळ माणसं पोलिसांच्या आधी एकमेकांना कशाला सांगतील? आधी एकमेकांना सांगायचं म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे.

नंतर पंधराएक दिवसांनी आमचा धार काढणारा गडी तमिळनाडूला गेला. त्याचे वडील गेले होते. बहुतेक गाई मशीनवर जायच्या, पण सहा गाई अशा नाठाळ होत्या की मशीन लावलं की लाथ मारायच्या. त्यांची धार हातानेच काढावी लागे, पहाटे पाचला. त्या गड्याला मुठीने धार काढायला मीच शिकवलं होतं, आणि त्याचा हात इतका बसला होता की सडावर ओरखडा नसायचा. तो महिनाभर येणार नव्हता.

"मग धार कोण काढतं?" मी अण्णांना विचारलं.

"मीच," अण्णा म्हणाले आणि पाइप घेऊन गव्हाण धुवायला लागले.

अण्णांचा उजवा खांदा वर्षभर आखडलेला होता. बोटांना सूज होती. चहाचा मग ते दोन्ही हातांनी धरायचे, लहान मूल धरतं तसा. हा माणूस सहा गाईंची धार काढतो? मी अक्काला म्हटलं, हवं तर मी येते पहाटे, टॅक्सी करून. खरं सांगायचं तर अर्ध्या मनानेच म्हटलं होतं, कारण त्या वेळी नवरा बस पकडायला निघायचा आणि सहा वर्षांची मुलगी घरी एकटी राहिली असती. पण अक्काने ज्या घाईने नको म्हटलं, ती मला खटकली.

"नको, नको. तुझी मुलगी लहान आहे. तू नऊला ये, नेहमीसारखी. त्याआधी येऊच नकोस."

त्याआधी येऊच नकोस. हे वाक्य मी दिवसभर चघळलं.

आणि मग सोमवारी ते डाग. मी गाईच्या कासेखाली उकिडवी बसून बोटाने डाग दाबून पाहिले. ताजे होते, त्याच पहाटेचे. पुढच्या गाईला पाहिलं, तिलाही. सहाच्या सहा गाईंना. सुजलेल्या बोटांच्या म्हाताऱ्याला चिमटीत एवढा जोर येणार नाही. हा धडधाकट माणसाचा हात होता, धार काढायची जन्माची सवय असलेला, पण आमच्या पद्धतीची नाही. परका हात.

मग एकेक गोष्ट जुळत गेली, किंवा मी जुळवत गेले. मंगळवारी येताना आंटीच्या फार्मच्या फाटकात एक माणूस दिसला. पन्नाशीचा, गवती टोपी, पायात रबरी बूट. मला बघताच तो शेडमध्ये गेला. आंटीला विचारलं तर म्हणाली, "कोण? कुणी नाही." त्याच आठवड्यात आमची एक गाय व्यायली आणि मी चिकाचा खरवस केला. गाय व्यायली की मी गूळ-वेलदोडा घालून खरवस करायचे आणि तिन्ही घरांत वाटायचे, हे ठरूनच गेलं होतं. आंटी दर वेळी दोन वड्या घ्यायची, एक तिची आणि एक आ-माची. या वेळी तिने तीन मागितल्या. तिसरी कुणाला, म्हटलं, तर हसली आणि डबा घेऊन गेली. बुधवारी अण्णा आणि आंटी कुंपणापाशी मलायमध्ये बोलत होते, मी जवळ जाताच दोघं गप्प झाले आणि अण्णांनी मला विचारलं, आज किती ऊन आहे ना. अण्णांनी आयुष्यात कधी उन्हाचा विषय काढला नव्हता.

मला खात्री झाली. ते कपडे टाकून गेलेला माणूस कुठे गेलाच नव्हता. तो इथे होता, या गल्लीत, शेळ्यांच्या शेडमध्ये झोपत होता आणि पहाटे आमच्या गाईंची धार काढून पोट भरत होता. आणि तिन्ही घरांना ते माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं, कारण मी त्यांची नव्हते. ते मला दोन वर्षं पपया देत होते, माझ्या मुलीला करडू मांडीवर देत होते, पण वेळ आली तेव्हा मी बाहेरची. याचा मला राग आला होता, आणि तो राग भीतीपेक्षा मोठा होता. हे तेव्हा मी कबूल केलं नसतं.

नवऱ्याला जेवताना सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

"तिथे कामाला तुझं नाव आहे ना? कागदावर?"

"आहे."

"मग उद्या पकडलं तर तू म्हणणार काय, मला माहीत नव्हतं? तू डॉक्टर आहेस म्हणून तर तुला ठेवलंय. माझ्या गेटवर रोज पास तपासतात. एकदा नावावर काही लागलं की संपलं."

"आई, व्हाय यू सो सिरियस?" मुलगी म्हणाली. "इट्स ओन्ली अ काउ लाह."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. आमच्या ब्लॉकच्या खाली, जिथे म्हातारे बुद्धिबळ खेळतात, तिथल्या दगडी बाकावर बसून मी कार्डावरचा नंबर लावला. आधी एकमेकांना सांगायचं, हे मला आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. ज्यांनी माझ्यापासून लपवलं त्यांना मी का सांगू, असंही मनात आलं. मी अधिकाऱ्याला सांगितलं की डेअरीवर पहाटे पाच वाजता एक अनोळखी माणूस येतो. तुम्ही पाहिलंय का, त्याने विचारलं. म्हटलं, नाही, गाईच्या सडांवर खुणा आहेत. त्याने मला तीनदा विचारलं, कशावर? मग मी त्याला मूठ, अंगठा आणि चिमटी यांतला फरक समजावून सांगितला. त्याने शांतपणे लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला.

शनिवारी सकाळी गल्लीच्या तोंडापासूनच गाईंचं हंबरणं ऐकू आलं. हंबरण्यातही फरक असतो. हे ठणकणाऱ्या कासेचं हंबरणं होतं. साडेनऊ वाजले होते आणि सहा गाईंची धार निघालीच नव्हती. अण्णा पडवीत रिकाम्या बादलीवर बसले होते. अक्का माझ्याकडे आली, तिने माझा हात धरला आणि इंग्रजीत सगळं सांगितलं.

पहाटे पोलिस आले होते. धार काढताना त्याला घेऊन गेले. तो आंटीचा धाकटा भाऊ होता. याच गल्लीत जन्मला, शेळ्यांत वाढला. तरुणपणी पलीकडची मुलगी केली, पलीकडेच राहिला, तिकडचाच नागरिक झाला. पण दर रविवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, कॉजवे म्हणजे दोन देशांमधला समुद्रावरचा रस्ता ओलांडून यायचा, आईजवळ बसायचा, तिला भरवायचा, संध्याकाळी परत जायचा. आमचा गडी गावी गेला तेव्हा तोच म्हणाला, मी पहाटे धार काढून देतो, आईजवळही राहीन. तीन आठवड्यांसाठी आला होता. पासपोर्टवर शिक्का होता, सगळं रीतसर होतं. पण तो शिक्का पाहुण्याचा, आणि पाहुण्याने कामाला हात लावायचा नाही, फुकट असलं तरी. हे सगळ्यांना माहीत होतं.

"शेळ्यांची धार काढणारा हात," अक्का म्हणाली. "गाईला त्याची सवय नव्हती. बिचाऱ्याला दोनदा लाथ बसली."

शेळीचे सड लहान, ते चिमटीतच धरावे लागतात. पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात हे. मला डाग बरोबर कळले होते, हात परका आहे हेही बरोबर कळलं होतं. शेजारच्या फार्मवर दोनशे शेळ्या होत्या, आणि तो हात तिथला असेल हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी माणूस समुद्रातून आलेला ठरवून बसले होते.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला.

"मुद्दाम नाही सांगितलं. तुझं ते पत्र, तुझ्या नवऱ्याचा पास. तुला कळलं असतं तर तूही यात आली असतीस. आंटीच म्हणाली, हिला नऊच्या आत येऊ देऊ नका."

मी बादली घेतली आणि पहिल्या गाईखाली बसले. सहाही गाईंची धार काढली, मुठीने, सावकाश. मनगटं भरून आली. त्या सहा गाई होईपर्यंत मला कुणाशी बोलावं लागलं नाही, याचं बरं वाटलं. अण्णा तिथेच बसून होते. मी उठले तेव्हा म्हणाले, तुझा हात चांगला आहे.

आंटीच्या भावाला परत पाठवलं आणि तीन वर्षं यायची बंदी घातली. अण्णांना दंड झाला, लेखी ताकीद मिळाली. मुदतीचं काय होणार, हे कुणीच सांगेना. आमचा गडी ठरल्या दिवशी परत आला आणि गाईंचे सड पुन्हा स्वच्छ झाले.

आता माझ्या संशयाला नवं काम मिळालं. यांना कळलंय का? मी प्रत्येकाचा चेहरा बघायचे. आंटीने पपई दिली की वाटायचं, मुद्दाम दिली. नाही दिली की वाटायचं, कळलं. अक्का चहात साखर कमी घालायची तेव्हाही तेच वाटायचं. पण सगळं नेहमीसारखंच होतं. पोलिसांनी काय सांगितलं, फोन कुणी केला, यावर माझ्यासमोर एक शब्द निघाला नाही. इतका नाही की त्याचाच संशय यावा. मासेवाल्यांनी एकदा सगळ्यांना त्यांच्याकडे जेवायला बोलावलं, मलाही. मी पूर्ण वेळ कोण माझ्याकडे बघतंय आणि कोण बघत नाही तेच बघत होते. मासा कशाचा होता तेही आठवत नाही.

आ-माचं मात्र मला सहन व्हायचं नाही. ती रोज दुपारी खुर्चीतून मान वर करून आंटीला दोन शब्द विचारायची. मला तिची भाषा येत नसली तरी ते दोन शब्द पाठ झाले होते. आला का? आणि आंटी शेळ्यांचं काम न थांबवता म्हणायची, "जॅम." कॉजवेवर ट्रॅफिक जॅम आहे. सिंगापूरमध्ये हे कुणालाही पटतं, सणासुदीला तिथे चार-चार तास गाड्या हलत नाहीत. आ-मा मान हलवायची आणि पाण्याकडे बघत बसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही महिन्यांनी आंटीने तिची खुर्ची कुंपणापाशी नेऊन ठेवायला सुरुवात केली. रविवारी अकरा वाजता पलीकडच्या किनाऱ्यावर कुणीतरी पिवळं कापड हलवायचं. आ-माला ते दिसत होतं की नाही, देव जाणे. आंटी मात्र हात उंच करून उत्तर द्यायची. मी रविवारी कामावर नसायचे. पिवळ्या कापडाचं मला गड्याने सांगितलं, आणि नंतर कित्येक रविवारी अकरा वाजले की मी हातातलं काम टाकून बाल्कनीत जाऊन उभी राहायचे.

सांगायचं म्हणून मी कितीदा ठरवलं. बसमध्ये वाक्यं जुळवायची, इंग्रजीत, मोजकी. गल्लीत शिरलं की एखादी गाय आजारी असायची, नाहीतर आंटी हसायची, आणि माझं तोंड उघडायचं नाही. नवरा म्हणायचा, सोड आता, तू कायद्याने बरोबर होतीस. होतेच. कायद्याने बरोबर असणं इतकं जड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी आ-मा गेली. झोपेत, दुपारची. भावाची बंदी संपायला अजून चार महिने होते. प्रेत पाच दिवस मांडवात होतं, त्यांच्या रीतीप्रमाणे. आंटीने फोन शवपेटीसमोर धरला आणि भावाने पलीकडून व्हिडिओ कॉलवर गुडघे टेकले. मी त्या मांडवात मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शेंगदाणे सोलत होते. कुणीतरी समोर ठेवले होते म्हणून सोलत होते, खात नव्हते.

आणि त्यानंतर, चार महिन्यांनी, तीच तपकिरी गाय व्यायली. मी खरवस केला आणि डबा घेऊन आंटीच्या शेडमध्ये गेले. ती एका शेळीची धार काढत होती, चिमटीने, भरभर. अण्णा-अक्काही तिथेच होते, मुदतीचे कागद आले होते त्याबद्दल बोलत होते. आणखी थोडी वर्षं मिळाली होती. सगळे खुशीत होते. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"तो फोन मी केला होता," मी म्हटलं.

आंटीचे हात थांबले नाहीत. बादलीत धारेचा आवाज तसाच चालू राहिला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. पोलिस म्हणाले, गाईच्या सडावर खुणा होत्या असं कुणीतरी सांगितलं." तिने शेळीला बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघितलं. "या गल्लीत गाईचे सड कोण बघतं?"

अक्का जमिनीकडे बघत होती. अण्णा कागदांची घडी घालत होते.

"मग मला बोललात का नाही?" मी विचारलं. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. "तीन वर्षं?"

"आपलं ठरलं होतं ना," आंटी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "काहीही असलं तर आधी एकमेकांना सांगायचं. तू कॅन म्हणाली होतीस. तू सांगशील म्हणून आम्ही थांबलो होतो."

मग तिने हात पुसले, डबा उघडला आणि वड्या बघितल्या. मी तिच्यासाठी सवयीने दोन ठेवल्या होत्या, आणि आ-मा आता नाही हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. तिने एक वडी तिथेच खाल्ली. दुसरी झाकणात ठेवली.

"रविवारी तो येतोय," ती म्हणाली. "त्याला अजून माहीत नाही. मी नाही सांगितलं. तू सांग."

रविवारी मी मुलीला नवऱ्याजवळ सोडलं आणि साडेनऊला गल्लीत पोहोचले. आंटीने फाटकाजवळ दोन खुर्च्या टाकल्या होत्या, एक मला आणि एक त्याला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. आंटीचा फोन वाजला. तिने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जॅम."

मी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग वाट बघत बसून राहिले.